शाळेच्या परिपाठात ज्यू धर्म: कापसाची दाढी काढली, आता त्या जागी काय ठेवू?

सहावी ब च्या बाई

नमस्कार मंडळी. नाशिकरोडच्या एका मराठी शाळेत मी सहावीला इतिहास शिकवते. आमच्याकडे महिन्यातून एकदा परिपाठात एका धर्माची ओळख असते. पंधरा मिनिटं, एक तक्ता, चार मुलं बोलतात, की राष्ट्रगीत. पारशी झाले, शीख झाले. जैनांच्या वेळी तर निम्मा वर्ग घरूनच साहित्य घेऊन आला. या महिन्यात ज्यू धर्म आला आणि वर्गात शांतता. कुणाच्या ओळखीत कुणी नाही. पुस्तकात एक परिच्छेद आहे: एकच देव, प्रार्थनास्थळाला सिनेगॉग म्हणतात, संपलं.

मग मुलांनी नेहमीचा मार्ग धरला, मोबाईल. तक्त्यावर काळ्या उंच टोप्या, कानावरून लोंबणाऱ्या बटा, जेरुसलेमची भिंत आणि मेणबत्त्यांचं स्टँड. एका मुलाला आजोबांचा काळा कोट घालून कापसाची दाढी चिकटवली. मीच चिकटवली, खोटं कशाला बोलू.

रंगीत तालीम चालू होती तेव्हा दुसरीतल्या एका मुलीला न्यायला तिची आजी आली होती. साधी सुती साडी, हातात भाजीची पिशवी. तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हे कोण हो? आमच्यात असं कुणी नव्हतं." मी "आमच्यात म्हणजे?" विचारेपर्यंत रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि त्या गेल्या. ती मुलगी दोन वर्षं आमच्या शाळेत आहे. आम्हाला पत्ता नाही.

तक्ता उतरवलाय. कार्यक्रम दहा दिवसांवर आहे. त्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकांनी "सध्याच्या परिस्थितीत हा विषय कशाला?" असं टाकलंय, आणि मुख्याध्यापक माझ्याकडे बघतायत. काय दाखवू? आणि त्या मुलीला पुढे उभं करू की नको?

गोदाकाठचा वाटसरू

बाई, फार विचार करू नका. हनुक्का घ्या. "ज्यू लोकांची दिवाळी" म्हटलं की मुलांना एका मिनिटात कळतं. पणत्या लावा, फोटो छान येतात.

मनुकावाली

बाई, तुमचं वाचून हातातलं काम ठेवलं. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आता ठाण्यात असते, पण जन्म आणि शाळा नाशिकरोडचीच. बाबा रेल्वेत होते, क्वार्टरमध्ये राहायचो. अख्ख्या लाईनीत ज्यू घर आमचं एकटं.

आधी वाटसरू, तुमचं. हनुक्का हा आमचा लहान सण. इ.स.पू. १६४ मध्ये मक्काबी या ज्यू बंडखोरांनी जेरुसलेमचं मंदिर परत मिळवून शुद्ध केलं, त्याची आठवण. नाताळच्या आसपास येतो म्हणून जगभर गाजतो, बाकी काही नाही. आणि गंमत सांगू? कोकणातल्या आमच्या पूर्वजांना हनुक्का मुळात माहीतच नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो घरात आला. तेव्हा दिवाळी वगैरे म्हणू नका. दिवाळी आम्हीही बघितलीय, शेजारच्यांच्या घरी, करंज्या खात.

दाखवायचंच तर शुक्रवारची संध्याकाळ दाखवा. शब्बाथ, आमचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, तेव्हा सुरू होतो. सूर्य मावळण्याआधी आई काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल घालून तरंगती वात लावायची. त्यानंतर शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल नाही, शिवण नाही, पैशाला हात नाही. क्वार्टरमधल्या बायकांना वाटायचं आम्ही शनिवारचा उपास करतो, शनीचा. आई म्हणायची, "उपास कसला, हा तर जेवायचा दिवस!" रायगडात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणत ते याच्यामुळेच. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. गावाला धर्माचं नाव ठाऊक नव्हतं, सुट्टीचा वार ठाऊक होता.

जेवणाआधी किद्दुश, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायचा आशीर्वाद. जगात बहुतेक ठिकाणी वाइन घेतात, आमच्यात काळ्या मनुकांचं सरबत. नाशिकच्या मुलांना द्राक्षाबद्दल तुम्ही काय सांगणार, तीच तुम्हाला सांगतील! आशीर्वाद वेलीच्या फळासाठी असतो, म्हणून मनुका चालतात.

दुसरी गोष्ट मासळीची. बाबा नाशिकरोडच्या बाजारात रविवारी मासे घ्यायचे. पैसे द्यायच्या आधी माशाच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे नख फिरवायचे. नखाखाली खवला उचकटला तर रोहू पिशवीत. मांगूर कितीही ताजा असला तरी नाही, त्याला खवले नाहीत. कोळंबी, खेकडे नाहीत. पर आणि खवले दोन्ही हवेत, हा तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा नियम. मावशी ओळखायच्या, म्हणायच्या, "आले नखवाले साहेब." धर्माप्रमाणे खायला चालतं त्याला कोशर म्हणतात; माझ्यासाठी कोशर म्हणजे ते नख. मटणाबरोबर दूधदही नाही, म्हणून आमच्या रश्शात नारळाचं दूध. मुलांना हे पटकन समजेल, कारण प्रत्येकाच्या घरी काहीतरी चालतं आणि काहीतरी चालत नाही.

दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा असतो. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेलं शमा, "हे इस्रायला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच." जाता येता बोटं लावून ओठाला लावायची. आमच्या शेजारच्या काकू वर्षानुवर्षं त्याला "तुमचा ताईत" म्हणायच्या. ताईत नव्हे ते. पण त्यांच्या नातवाला परीक्षेला जाताना हळूच बोट लावताना मी पाहिलंय, बोलले नाही कधी.

आणि मलिदा. मुलं हसतील, कारण मराठीत मलिदा लाटतात ते पुढारी. आमचा मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, बाजूला फळं. नवस फेडायला, लग्नाआधी, नवं घर घेतल्यावर. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, त्याचं नाव घेऊन. हे फक्त बेने इस्रायलांचं. कोचीनच्या किंवा बगदादी ज्यूंकडे मागाल तर मिळणार नाही.

आता कापसाची दाढी. ते काळे कोट पूर्व युरोपातल्या एका परंपरेचे. ते खोटे नाहीत, तेही ज्यूच आहेत. पण माझे पणजोबा फोटोत पागोट्यात आहेत. चित्रच हवं असेल तर पुण्याला १८७४ मध्ये छापलेला हग्गादा शोधा, म्हणजे वल्हांडणाच्या, इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री घरी वाचायची पोथी. हिब्रू आणि मराठी. त्यात बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका साडीत जमिनीवर बसल्यात. त्या आजींना तो तक्ता दाखवा, पिशवी खाली ठेवतील.

एक सल सांगते. १९६६, मी पाचवीत. शाळेचं नाव घेत नाही. बाई नाताळची गोष्ट सांगताना म्हणाल्या, "ज्यूंनी येशूला मारलं." चाळीस डोकी माझ्याकडे वळली. मधल्या सुट्टीत एकीने माझ्या डब्यातलं घेतलं नाही. घरी बाबांना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, "क्रूस रोमन लोकांचा, हुकूम रोमन सुभेदाराचा, पिलाताचा." मोठी झाल्यावर कळलं, खुद्द व्हॅटिकननेच १९६५ मध्ये हा सरसकट आरोप चुकीचा ठरवला होता. ते आमच्या बाईंपर्यंत पोचलं नव्हतं. तेव्हा ज्यू धर्म म्हणजे ख्रिस्ती धर्माची प्रस्तावना असं शिकवू नका. बायबलमधला "जुना करार" हेही दुसऱ्यांचं नाव. आमच्यासाठी तो जुना नाही; त्यातली पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोरा, दर शनिवारी वाचतात.

नातीला पुढे उभं करू नका. आधी आजीला विचारा, घरी जाऊन, चहा घेत.

जुनीपानं

काकू, सुंदर. मी मात्र थोडा विरोधी सूर लावतो. मलिदा आणि नारळाचं दूध एवढ्यावर थांबलं तर मुलांना वाटेल ज्यू म्हणजे कोकणातली एक जात. जेरुसलेम, इजिप्तमधून सुटका, यॉम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास हे सगळ्या ज्यूंचं सामाईक आहे, ते यायला हवं. कोचीची परदेशी सिनेगॉग १५६८ ची, तीही सांगा. आणि नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, हे "परंपरा सांगते" असं म्हणूनच सांगा. इतिहासाच्या तासाला आहात तुम्ही. बरं, "खरा" ज्यू धर्म कोणता हे ठरवणार कोण?

मनुकावाली

जुनीपानं, मुद्दा कबूल. यॉम किप्पुर मी विसरले नव्हते, लांबण लागेल म्हणून गाळला. आमच्या आजीच्या तोंडी त्याचं नाव दरफाळणीचा सण, दारं लावून घ्यायचा दिवस. आम्ही आदल्या दिवशी कल्याणला उतरून लोकलने ठाण्याला जायचो, शाआर हाशामाईम सिनेगॉगला, १८७९ ची आहे ती. आजी तिला मशीदच म्हणायची. दिवसभर पाणी नाही, आणि संध्याकाळी शोफार, मेंढ्याचं शिंग, वाजलं की मी आधी डब्याकडे बघायची.

"खरा कोण" हे आम्हाला विचारू नका हो, फार विचारून झालंय! माझे मामा इस्रायलला गेले, तर तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी बेने इस्रायलांची वंशावळ तपासायला घेतली. आमच्या लोकांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेने जाहीर केलं की हे सर्व बाबतीत ज्यूच. मामाचं पत्र आलं होतं, "आज आम्ही ज्यू झालो." आई पत्र वाचून हसली आणि शुक्रवारचा दिवा लावायला गेली. म्हणून म्हणते, तक्त्यावर एकच चेहरा नको. पागोटं ठेवा, कोटही ठेवा, कोचीनचा मुंडूतला, म्हणजे लुंगीसारखं धोतर नेसलेला माणूसही ठेवा. दाढी मात्र कुणाला चिकटवू नका.

आणि ग्रुपवरच्या त्या पालकांना: बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची मुलं. इस्रायल हे आमच्या मूळपुरुषाचं, याकोबाचं दुसरं नाव, देश १९४८ चा. तिथल्या सरकारवर काय बोलायचं ते बोला, पण त्याचा जाब नाशिकरोडच्या दुसरीतल्या पोरीला विचारू नका.

सहावी ब च्या बाई

काकू, काल आजींकडे जाऊन आले. उपनगरला राहतात. दारावर मेझुझा होता, मी चार वेळा त्या गल्लीतून गेले असेन. तक्त्याचा विषय मी काढायच्या आधी त्यांनीच विचारलं, "ती दाढी कुणाची होती हो?" माफी मागितली. त्या हसल्या, म्हणाल्या, "पोरगं गोड दिसत होतं."

नातीला उभं करायचं नाही, पण आजी स्वतः येणार आहेत. रिकामा काचेचा पेला आणि वात दाखवणार. पेटवणार नाही म्हणाल्या, कारण आमचा परिपाठ सोमवारी. मला आधी कळलं नाही, मग कळलं. कोट घातलेला मुलगा आता मासळीवर बोलणार आहे, वडिलांबरोबर बाजारात जाऊन नख फिरवून आलाय, मासेवाल्या मावशींनी पळवून लावलं.

जुनीपानं, एका मुलीला इजिप्तची गोष्ट दिलीय आणि तिच्या तक्त्यावर "परंपरा सांगते" हे शब्द ठळक लिहिलेत.

मुलांना सरबताची चव द्यायचीय. प्रार्थना वगैरे काही नाही, नुसती चव, आजींची हरकत नाही. मनुका मेनरोडवरून आणल्या, काळ्या, बियांच्या. चाळीस मुलं. रात्रभर भिजवून सकाळी मिक्सरला लावू का?

मनुकावाली

मिक्सर अजिबात नको. बिया फुटतात, कडू होतं. हाताने कुस्करा, मग पातळ फडक्यातून पिळा.