फ्रेंच भाषा-तपासणी अहवालाचा इंग्रजी अनुवाद : नेमके शब्द सुचवा

शब्दवेल
नमस्कार मंडळी. मी पुण्यात फ्रेंच शिकवते, अधूनमधून अनुवादही करते. फ्रान्समधल्या लिऑंहून इंग्लंडला निघालेल्या एका मराठी कुटुंबाने आठ वर्षांच्या मुलाचा 'बिलाँ ऑर्तोफोनिक' (ऑर्तोफोनिस्तने, म्हणजे तिथल्या स्पीच थेरपिस्टने, दिलेला तपासणी अहवाल) माझ्याकडे दिलाय. नव्या शाळेला तो इंग्रजीत हवा आहे. अडलेले शब्द असे : 'रतार द पारोल' आणि 'रतार द लांगाज' (दोन्हींना 'स्पीच डिले' चालेल का?), 'एतालोनाज' (कोशात 'कॅलिब्रेशन' दिलंय), 'देझिन्यासियों', 'दिसफाझी'. शिवाय 'आलुएत' (शब्दशः चंडोल पक्षी) नावाची चाचणी आहे, तिचं 'लार्क' करायचं का? या कागदावर मुलाची मदत ठरणार आहे, म्हणून चुकायचं नाहीये.

कृष्णाकाठ
ताई, मी इंग्लंडात मुलांची स्पीच थेरपिस्ट आहे, त्याआधी ब्रसेल्सला होते. (तिथे ऑर्तोफोनिस्तला लोगोपेद म्हणतात.)

पारोल आणि लांगाज एकत्र करू नका, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपण 'मूल उशिरा बोललं' म्हणतो, त्यात दोन्ही येतं. फ्रेंच अहवालात येत नाही. क, ब, त हे आवाज सुटे नीट काढणारं मूल 'कबुतर'ला 'कतुबर' म्हणतं, तेव्हा अडचण पारोलची. वाक्य जुळत नाही, शब्दसंपत्ती तोकडी आहे, सांगितलेलं समजत नाही, तर लांगाजची. पहिल्याला 'स्पीच', दुसऱ्याला 'लँग्वेज'. सुटा आवाजच निघत नसेल तर ते तिसरं, आर्तिक्युलासियों. दोन्हींना 'स्पीच' लिहिलंत, तर इथले लोक उच्चारांवर काम सुरू करतील आणि भाषेचं राहून जाईल.

एतालोनाज म्हणजे 'नॉर्म्स', ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडून पाहतात ते इतर मुलांचे आकडे. देझिन्यासियों म्हणजे ऐकलेल्या शब्दाच्या चित्रावर बोट ठेवणं, म्हणून 'रिसेप्टिव्ह व्होकॅब्युलरी, पिक्चर पॉइंटिंग'. देनोमिनासियों आलं तर ते चित्राचं नाव सांगणं. दोन्हींना 'नेमिंग' लिहिलेले अनुवाद मी पाहिलेत.

दिसफाझी (मुलाच्या भाषाविकासातली गंभीर, टिकून राहणारी अडचण) जपून. इंग्रजीत 'डिस्फेझिया' वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पक्षाघाताने भाषा बिघडलेला प्रौढ रुग्ण येतो. एक अक्षर चुकलं तर 'डिस्फेजिया', म्हणजे गिळण्याचा त्रास! इंग्लंडात आता 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर' म्हणतात, २०१७ साली कॅटॅलिझ गटाच्या तज्ज्ञांनी ते नाव सुचवलं. पण निदान बदलणं अनुवादकाचं काम नाही. मूळ शब्द ठेवा आणि अनुवादकाची टीप म्हणून जवळची इंग्रजी संज्ञा द्या.

माँट्रियलकर
चाचण्यांची नावं अनुवादित करू नका. 'आलुएत' तसंच ठेवा आणि ओळीभर समजावा : २६५ शब्दांचा मुद्दाम निरर्थकसा उतारा, तीन मिनिटांत मोठ्याने वाचायचा, म्हणजे संदर्भावरून अंदाज बांधता येत नाही. नाव बदललं की चाचणी शोधताच येत नाही.

आकडेही तसेच. 'ए.ते.' म्हणजे एकार-तीप, स्टँडर्ड डेव्हिएशन (गुण सरासरीपासून किती दूर, ते मोजायचं एकक). उणे २ असेल तर उणे २च लिहा. त्यावरून, सरासरी १०० धरणाऱ्या मोजपट्टीवरचे गुण स्वतः काढू नका. दशांशाचा स्वल्पविराम मात्र टिंब करा, नाहीतर १,८ चा घोळ होतो.

शब्दांसाठी 'तेर्मियुम प्लस' (कॅनडा सरकारचा फ्रेंच-इंग्रजी संज्ञाकोश) आणि क्वेबेकचा 'ग्राँ दिक्सिओनेर तेर्मिनोलोजिक' वापरा, दोन्ही फुकट. फक्त तिथे 'स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट' मिळेल, तुम्हाला इंग्लंडसाठी 'स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट' हवं.

शब्दवेल
खूप आभार. मी दोन्हींना 'स्पीच'च लिहीत होते! एक विचारायचं राहिलं : पहिल्या पानावर 'घरी मराठी' अशी एकच ओळ आहे. पुढे कुठेच उल्लेख नाही. शब्दशः ठेवू?

कृष्णाकाठ
शब्दशः ठेवा, पण गाळू अजिबात नका. घरी मराठी ऐकणाऱ्या मुलाला फ्रेंचच्या नॉर्म्सवर तोललंय, हे शाळेला त्या एका ओळीतूनच कळेल. आईबाबांना सांगा, मराठीत तो कसा बोलतो हे अहवालासोबत वेगळं लिहून द्या : पहिला शब्द कधी, वाक्यं कशी, आजीशी फोनवर गप्पा मारतो का. इथला थेरपिस्ट तेच आधी विचारेल.