बियरच्या जुन्या केगचं (स्टीलच्या पिंपाचं) पाकाचं भांडं करायचंय, काय सांभाळू?

संत्राबाग: कारंजा (घाडगे)जवळ बाग आहे. संत्र्याचं स्क्वॅश घरीच करतो. भंगारात ५० लिटरचा स्टीलचा केग मिळाला. वरचं तोंड कापून, खाली तोटी बसवून त्यात पाक अन् रस तापवायचा बेत आहे. (आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. केग उतरवताना अर्धं गाव विचारून गेलं!) ग्राइंडर घरचाच आहे.

वेल्डरभाऊ_आर्वी: भाऊ, ग्राइंडर मागून. आधी दाब काढा. रिकाम्या केगमध्येही गॅस भरलेला असतो. झडपेचा मधला भाग स्क्रूड्रायव्हरनं दाबा, आपला चेहरा बाजूला ठेवून, अंगावर फडकं घेऊन. फुसफुस पूर्ण थांबली की मगच झडप धरून ठेवणारी रिंग काढून आतली नळी उपसा. दाब असताना रिंग काढली तर नळी गोळीसारखी सुटते, माणसं गेली आहेत त्यात. नळी निघाल्याशिवाय ना कापायचं, ना शेगडीवर ठेवायचं.

ग्राइंडरची डिस्क नवी घ्या, स्टील कापायचीच. लोखंडावर चालवलेली लावली तर तिथंच गंज धरतो. गार्ड अन् चष्मा सांगायला नको. कापलेली कड कानशीनं बोथट करा, नाहीतर पहिल्याच घासणीत मनगट चिरतं.

आवळावाली_ताई: तोटी-निपल जस्त चढवलेलं नको हं, आंबट रसात जस्त उतरतं. स्टीलचंच घ्या. आणि काठोकाठ भरू नका. मी भरला होता. पाक उतू गेला तो पायावर. पाण्याचा चटका ओघळून जातो, पाक चिकटून बसतो. घोट्यावर डाग आहे अजून. चाळीस लिटर पुरे. तेवढ्यातही वजन पन्नास किलोच्या वर जातं, म्हणून शेगडी बुटकी अन् रुंद बुडाची घ्या. गरम असताना उचलायचा नाही, तोटीनंच उतरवायचा.

नागपूरकर: मूळ प्रश्न राहिलाच की. केग बहुतेक वेळा कंपनीचेच असतात, डिपॉझिटवर फिरतात. भंगारवाल्यानं पावती दिली का?

संत्राबाग: नाही बापा! आज झडप दाबली. "रिकामा आहे" म्हणे तो, चांगला मिनिटभर फुसफुसला. अंगणभर शिळ्या बियरचा वास, आई नाकाला पदर लावून उभी. उद्या पावतीसाठी जातो. तोवर ग्राइंडर खुंटीला.