१४५३ ला प्रबोधनाची सुरुवात कशी मानायची?

'कॉन्स्टँटिनोपल पडलं, ग्रीक पंडित पळून इटलीत आले आणि १४५३ पासून प्रबोधन सुरू झालं' असं नेहमी सांगितलं जातं, आपण सगळ्यांनीच ते शाळेत घोकलंय. पण तारखा जुळत नाहीत. मॅन्युएल क्रायसोलोरास हा ग्रीक पंडित इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला आला तो १३९७ मध्ये, तोही पळून नव्हे, रीतसर बोलावणं गेल्यावर. १४०१ मध्ये फ्लॉरेन्सच्याच बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझच्या दारांसाठी शिल्पकारांची स्पर्धा लागली. विषय एकच, आयझॅकचा बळी, म्हणजे देवाच्या आज्ञेवरून अब्राहम स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघतो ती बायबलमधली गोष्ट. गिबर्टी जिंकला, ब्रुनेलेस्की हरला. दोघांचे नमुने आजही फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात आहेत. ब्रुनेलेस्कीचा अब्राहम मुलाची मान धरून सुरी टेकवतोय आणि देवदूत त्याचं मनगट पकडतोय. मला तोच जास्त आवडतो, पण असो! याच हरलेल्या गड्याने पुढे फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता चढवला, १४२० ते १४३६. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या सतरा वर्षं आधीच घुमट उभा होता. १४५३ नंतर ग्रीक हस्तलिखितांचा ओघ वाढला, हे कबूल.

शेवट विचाराल तर इटलीपुरतं मी १५२७ धरेन. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या फौजेने रोम लुटलं ते वर्ष.