पी-बेसवर फ्लॅटवाउंड चढवाव्यात की राउंडवाउंडच ठेवाव्यात?

खर्ज३४: 34 इंची (तारेची वाजती लांबी), चार तारांचा पी-बेस (प्रिसिजन घडणीची बेस गिटार), रोजवुड फिंगरबोर्ड. सध्या निकेलच्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) आहेत, 45-105 (सर्वांत बारीक ते सर्वांत जाड तारेचं गेज, म्हणजे जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). काम बहुतेक जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्राचं, थोडं रेकॉर्डिंग, आणि कार्यक्रमात एखादं स्लॅपचं (अंगठ्याने ठोकून आणि बोटाने तार उचलून सोडत, म्हणजे पॉप करत वाजवायचं) गाणं. हात सरकवताना होणारी खरखर डीआयमधून (बेसचा आवाज सरळ मिक्सरला देणारा डबा) थेट स्पीकरवर जाते. पावसाळ्यात तर महिन्याभरात तारा मरतात. फ्लॅट घ्यायच्या तर कुठल्या गेजच्या? आणि सेटअप पुन्हा करावा लागेल का?

तारजुळव्या: या कामाला फ्लॅटच. तारेवर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे बोटाखाली खाचा नाहीत आणि खरखरही जवळपास नाही. घाम-मळ अडकायला फटी कमी, म्हणून कोकण-मुंबईच्या हवेतही वर्षानुवर्षं चालतात. मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमरसन 52-110 च्या जाडजूड ला बेला फ्लॅट वाजवायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. तुम्ही मात्र ते गेज घेऊ नका, डावा हात दुखेल आणि नटच्या (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात ती पट्टी) खाचा कानशीने रुंद कराव्या लागतील.

गेजचा आकडा तोच ठेवला तरी ताण बहुधा वाढतो, कारण चपट्या पट्टीत पोकळी कमी राहते आणि तेवढ्याच जाडीत धातू जास्त बसतो. म्हणून 45-105 वरून 45-100 किंवा 43-104 वर या. डॅडारिओ क्रोम्स 45-100 मध्ये मिळतात आणि फ्लॅटमध्ये बऱ्याच उजळ वाजतात. राउंडवरून येणाऱ्याला त्या लवकर रुचतात. थॉमास्टिकच्या जॅझ फ्लॅट्स (43-100) ताणाला अगदी मऊ आहेत. जोरात ठोकून वाजवत असाल तर त्या फ्रेटवर आपटतील.

सेटअप करावाच लागेल. सुरात आणून एक रात्र ठेवा, मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट मोजा. 0.3 मिमीच्या आसपास हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली सळई) घट्ट करायच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा सूर, पुन्हा मोजणी. त्यानंतरच ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची): सतराव्या फ्रेटवर जाड ई तारेला साधारण 2.4 मिमी, बारीक जी ला 2. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून तारेची लांबी जुळवणं) सगळ्यात शेवटी. आधी केलंत तर ॲक्शन हलवल्यावर पुन्हा करत बसाल.

पेगबॉक्स: चढवण्याबद्दल कुणी बोललंच नाही, आणि महागडे सेट तिथेच वाया जातात. फ्लॅट आधी कापायची नाही. खुंटीच्या पुढे 10-12 सेंमी सोडून पक्कडीने काटकोनात वाकवा, मग वाकाच्या पुढे कापा. सरळ कापली तर बाहेरची पट्टी आतल्या गाभ्यावरून सुटते आणि नवी कोरी तार मंद, बेसूर वाजते. चढवताना तारेला पीळ पडू देऊ नका, त्याचाही तोच परिणाम. खुंटीवर फक्त रेशीम गुंडाळलेला बारीक भाग यायला हवा. जाड भाग खुंटीवर वळला तर पट्टी तडकते. उलट रेशीम नटवर आलं तर लांबी चुकली, परत करा.

उघडी_ई: जरा थांबा. स्लॅप असेल तर फ्लॅटवर अंगठ्याचा ठोका ठीक येतो, पण पॉपची ती चमक येत नाही; ट्रेबल वाढवून फक्त सूं-सूं आवाज वाढतो, कारण तारेतच ते सूर कमी असतात. रेकॉर्डिंगमध्येही राउंडचा टोन नॉब खाली आणून आणि ब्रिजपाशी तारांखाली फोमची पट्टी सरकवून बराच जुना आवाज मिळतो. पन्नास रुपयांचं काम आहे, आधी ते करून बघा. खरखर त्याने थोडी दबेल, पूर्ण जाणार नाही. पावसाळ्यात मेलेल्या राउंड दहा मिनिटं पाण्यात उकळून कोरड्या केल्या की थोडे दिवस जीव धरतात. (फ्लॅट उकळू नका, पट्टीखाली पाणी राहून गंजतात.)

तारजुळव्या: फोमचा सल्ला चांगला. पण एकाच बेसवर आज फ्लॅट, उद्या राउंड करू नका. वाकवलेली जागा दुसऱ्यांदा सरळ केली की फ्लॅट तिथेच तुटते, आणि दर वेळी नेक हलते ती वेगळीच. स्लॅप एकाच गाण्यात असेल तर ते गाणं बोटांनी वाजवा.

खर्ज३४: क्रोम्स 45-100 घेतो. माझ्या बेसला बॉडीच्या मागून आरपार तार घालायचीही सोय आहे, ती वापरू का?

पेगबॉक्स: नको, ब्रिजमधूनच घाला. मागून घातली की सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) तीव्र कोन बसतो आणि फ्लॅट तिथे तुटू शकते. काही कंपन्या तसं करू नका म्हणून सांगतातच. आणखी एक, डग्ग्याबरोबर वाजवताना फ्लॅटचा खर्ज त्याच जागी गर्दी करतो. ॲम्पवर लो थोडा उतरवा, 700-800 हर्ट्झ जरासा चढवा, स्वर ऐकू येतील. नव्या फ्लॅट पहिले काही आठवडे टणत्कारतात, तेवढ्यावरून निकाल देऊ नका.