मदत हवी आहे : कुठल्याच यादीत नसलेल्या ऑडिओ सीडीचं रिप बिनचूक झालंय हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

बेळगावात शहापूर भागात राहतो. घरच्या आणि गल्लीतल्या भजनी मंडळाच्या ऑडिओ सीडी रिप करायला, म्हणजे संगणकावर फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत) उतरवायला घेतल्यात. इथल्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदाला बुरशी लागते, सीडीसोबतच्या पुस्तिका तर एकमेकींना चिकटल्यात. तबकड्या वाचता येताहेत तोवर काम उरकायचंय.

यंत्रणा साधी : डेबियन लिनक्स, टर्मिनल, व्हिपर (रिप करणारं सॉफ्टवेअर) आणि एक यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह. मोठ्या कंपन्यांच्या सीडींची अडचण नाही. कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे, त्यामुळे घरात त्यांच्या सीडी भरपूर. त्या लावल्या की म्युझिकब्रेन्झ या ऑनलाइन यादीवरून नावं येतात, इतरांच्या रिपांचे आकडे साठवणाऱ्या अ‍ॅक्युरेटरिपशी चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतो, विषय संपला.

अडलंय ते छोट्या स्थानिक कंपन्यांच्या सीडींवर. काही मराठी भजनं, काही कन्नड वचनं. म्युझिकब्रेन्झवर त्यांची नोंदच नाही, म्हणून व्हिपर सुरुवातीलाच थांबतो. 'अननोन' पर्याय देऊन पुढं गेलं की लॉगमध्ये प्रत्येक ट्रॅकपुढं 'अ‍ॅक्युरेटरिपच्या यादीत नाही'. टेस्ट आणि कॉपी, म्हणजे व्हिपरच्या दोन वाचनांचे सीआरसी (चेकसमचाच प्रकार) मात्र जुळतात. एवढ्यावर विसंबायचं का? तोच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करणार नाही कशावरून? आणि ऑफसेट (ड्राइव्ह किती पुढं-मागं सरकून वाचतो त्याची भरपाई) अशा सीडीलाही लागू होतो का?

शिवाय मंडळानं जुन्या कॅसेटवरून स्टुडिओत उतरवून घेतलेल्या काही सीडी-आर (कोऱ्या सीडीवर लिहिलेल्या) आहेत. त्यांना व्हिपर हातच लावत नाही.

विंडोजवरची सॉफ्टवेअरं कृपया सुचवू नका, घरात विंडोज नाही.

---

निपाणीकर

सीडी-आरचं आधी सांगतो, ते सोपं आहे. व्हिपर घरी लिहिलेल्या तबकड्या मुद्दामच नाकारतो. आदेशात 'सीडीआर' हा पर्याय जोडा (दोन आडव्या रेघा देऊन, रोमन लिपीत), चालू होईल.

ऑफसेट हा ड्राइव्हचा गुण आहे, सीडीचा नाही. प्रत्येक मॉडेल ठरावीक नमुने (आवाजाच्या एकेक मोजण्या) पुढं किंवा मागं सरकून वाचायला लागतं. +6 आणि +667 हे नेहमी भेटणारे आकडे. सेकंदाला 44,100 नमुने असतात, म्हणजे 667 नमुने म्हणजे जेमतेम 15 मिलिसेकंद. कानाला काही कळत नाही, पण चेकसम पार बदलतो. तुमच्या कुमारजींच्या सीडी अ‍ॅक्युरेटरिपशी जुळतात ना? मग ड्राइव्हचा ऑफसेट बरोबर लागलाय, आणि तोच भजनांच्या सीडीलाही चालेल.

आता मुख्य प्रश्न. तुमची शंका रास्त आहे. डेटा सीडीत दुरुस्तीचा एक जादा थर असतो, 2352 बाइटांच्या सेक्टरमधले 2048 च खऱ्या माहितीला मिळतात. ऑडिओ सीडीत ते सगळे 2352 आवाजालाच जातात. त्यामुळं चूक आवाक्याबाहेर गेली की ड्राइव्ह आजूबाजूचे नमुने बघून अंदाजानं भोक बुजवतो, आणि हा अंदाज दोन्ही वेळा सारखाच येऊ शकतो. त्यात कॅशची भर. ड्राइव्हनं वाचलेला भाग स्वतःच्या स्मृतीत ठेवला, तर व्हिपरच्या आतल्या पॅरानोइया या वाचनयंत्रानं 'पुन्हा वाच' म्हटल्यावर तो तबकडीकडं न बघता जुनंच परत देतो. व्हिपरमध्ये 'ड्राइव्ह अ‍ॅनालाइझ' एकदा चालवा. कॅशला बगल देता येते की नाही ते तिथं कळतं आणि सेटिंगमध्ये नोंदलं जातं.

एवढं करूनही खात्री हवी असेल तर दुसरा ड्राइव्ह. वेगळ्या बनावटीचा, स्वतःचा ऑफसेट लावलेला. दोन्हींचे सीआरसी जुळले तर मी तरी ते रिप बिनचूक धरतो. नुसता एकाच ड्राइव्हवर दहा वेळा रिप करत बसण्यात अर्थ नाही.

---

खानापूरवाला

त्याआधी तबकडी पुसा की! कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि हात मध्यापासून कडेकडं सरळ. गोल गोल पुसू नका. ट्रॅकच्या दिशेनं गेलेला ओरखडा जास्त छळतो. छापील बाजूही जपा, ॲल्युमिनियमचा थर त्याच बाजूला असतो, वर नुसतं लाखेचं पातळ आवरण.

अडलेला ट्रॅक मी थेट सीडीपॅरानोइयावर लावतो. त्यात प्रगतीच्या पट्टीवर चेहरे येतात : :-) म्हणजे सुरळीत, :-( म्हणजे ओरखडा सापडला, ;-( म्हणजे हात टेकले. शेवटचा दिसला की समजायचं, तिथं पोकळी राहिलीय. व्हिपर मागं हेच वाचनयंत्र वापरतो, पण चेहरे दाखवत नाही. मला तर त्या चेहऱ्यांशिवाय करमत नाही.

---

धागाकर्ता

दोघांचेही आभार. टिळकवाडीतल्या मित्राचा डेस्कटॉप वापरला, त्याच्या ड्राइव्हचा ऑफसेट +667, माझा +6. भजनांच्या सीडींचे सगळे ट्रॅक जुळले, फक्त एका सीडीचा शेवटचा ट्रॅक सोडून. तबकडीवर ओरखडा नाही, आणि प्रत्येक ड्राइव्हचे टेस्ट-कॉपी आपापल्या जागी जुळतात. हे कसं काय?

---

निपाणीकर

शेवटचाच ट्रॅक म्हणताय, मग ओरखडा शोधू नका. ऑफसेट धन असला की भरपाईसाठी ड्राइव्हला शेवटच्या ट्रॅकच्या पलीकडं, लीड-आउटमध्ये (सीडीच्या अखेरच्या पट्ट्यात) वाचावं लागतं. पुष्कळ ड्राइव्हना ते जमत नाही आणि तेवढे नमुने शून्यानं भरले जातात. तुमच्याकडं 6 नमुने, मित्राकडं 667. ट्रॅक शांततेत संपला तर फरक पडत नाही, पण भजनाचा गजर चालू असतानाच कापला असेल तर सीआरसी वेगळा येणारच. अ‍ॅक्युरेटरिप शेवटच्या ट्रॅकची अखेरची 5 सेक्टरं हिशेबातच घेत नाही, ते यासाठीच.

खात्री करून घ्या. दोन्ही फ्लॅक वेव्हमध्ये (न दाबलेल्या फाइलींत) उलगडा आणि 'सीएमपी' या आदेशानं बाइट न् बाइट ताडा. एका नमुन्याचे 4 बाइट, म्हणजे सगळे फरक शेवटच्या 2668 बाइटांत बसले पाहिजेत. बसले तर तुमच्या ड्राइव्हची प्रत ठेवा, तिच्यात शून्यं कमी. मधेच कुठं फरक दिसला तर मात्र इथं पुन्हा लिहा.

---

धागाकर्ता

ताडलं. सगळा फरक शेपटालाच आहे, गजर चालू असतानाच ट्रॅक तोडलाय. माझीच प्रत ठेवतो.

आता म्युझिकब्रेन्झवर नोंद करायला घेतलीय. मराठी नावं देवनागरीत घालायची ना? आणि वचनांची कन्नडमध्ये?

---

खानापूरवाला

मुखपृष्ठावर जसं छापलंय तसंच, त्याच लिपीत. कन्नड टायपिंग अडलं तर मुखपृष्ठाचा फोटो इथं टाका, मी टंकून देतो. आणि नोंद करताना व्हिपरनं दिलेल्या दुव्यावरूनच डिस्क आयडी (त्या सीडीची ओळखखूण) जोडा, म्हणजे पुढच्या माणसाला 'अननोन' लावावं लागणार नाही.