हापूसला नोव्हेंबरातच मोहोर, उरलेल्या फांद्यांवर पालवी: आता काय करावे?

कातळबाग (राजापूर): हापूसची 25 वर्षांची कलमे. पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत रेंगाळला. आता प्रत्येक कलमावर निम्म्या फांद्यांना मोहोर आणि निम्म्यांना तांबूस पालवी. पालवीवर मोहोर काढायला काही मारता येईल का? शिवाय जानेवारीच्या थंडीत पुन्हा मोहोर आला तर पहिली कणी (नुकतीच धरलेली बारीक फळे) गळेल, ही धास्ती आहेच.

देवगडी: कोवळ्या पालवीवर मोहोर निघत नाही, त्यासाठी पैसे घालवू नका. हापूसला जून (पक्व) काडी, जमिनीचा ताण (कोरडेपणा) आणि 15 अंशांच्या आसपासचा रात्रीचा गारवा एकत्र मिळावा लागतो. पाऊस लांबला की ताण बसत नाही आणि काडी मोहोराऐवजी पालवी काढते. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख हवामान खात्याने 2020 मध्ये 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर केली. मुंबईच्या खाली कोकणातून तो आणखी उशिरा परततो, म्हणजे ताणाचे दिवस पावसातच जातात. पालवी जून झाली का ते पान मुठीत दाबून बघा: मऊ दुमडले तर कोवळे, कडकन मोडले तर जून. तोवर युरिया नको, पाणीही नको.

माडबन: पॅक्लोब्युट्राझॉल (वाढ रोखून मोहोर आणणारे संजीवक) आता घातले तर?

देवगडी: उशीर झाला. ते 15 जुलै ते 15 ऑगस्टमध्ये, जमिनीत ओल असताना घालायचे. घेराच्या (फांद्यांच्या पसाऱ्याच्या) व्यासाच्या प्रत्येक मीटरला 25 टक्क्यांचे द्रावण 3 मिली, म्हणजे 8 मीटर घेराला 24 मिली. ते पाण्यात मिसळून, खोड आणि घेराची कड यांच्या मध्यावर 10-12 सेंमी खोल 25-30 खड्ड्यांत सारखे वाटायचे. मात्रा वाढली की मोहोर आखूड, गुच्छासारखा येतो आणि कलम खंगते. रोगट किंवा अशक्त कलमाला तर घालूच नये.

फवारणीमित्र: खरा धोका तुडतुड्यांचा, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा. ते कोवळ्या पालवीवर वाढतात आणि तिथून मोहोरावर उतरतात. पालवीवर डेल्टामेथ्रिन 2.8 टक्के, 10 लिटरला 9 मिली. मोहोराचे बोंगे (कळ्यांचे कोंब) फुटलेत पण फुले उमललेली नाहीत, तिथे इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के 3 मिली आणि भुरीसाठी (पांढऱ्या बुरशीसाठी) हेक्झाकोनॅझोल 5 टक्के 5 मिली. खोड आणि जाड फांद्याही भिजवा, सालीच्या फटीत तुडतुडे लपतात. उमललेल्या मोहोरावर काहीही मारू नका, माशा आणि मधमाश्या मेल्या तर फळधारणाच होणार नाही. तुमच्याकडे दोन्ही एकाच झाडावर आहे, म्हणून वारा पडल्यावर संध्याकाळी, फांदी बघून फवारा. तारखेवर चालणारे वेळापत्रक अशा बागेत उपयोगाचे नाही.

पुनर्मोहोर, म्हणजे तुम्ही म्हणता तो पुन्हा येणारा मोहोर, टाळण्यासाठी जिबरेलिक आम्ल 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग): 1 ग्रॅम थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून 20 लिटर पाण्यात, आणि त्याच दिवशी संपवायचे. पहिली फवारणी मोहोर पूर्ण उमलल्यावर, दुसरी कणी वाटाण्याएवढी झाल्यावर. उमललेल्या मोहोरावर चालणारी एवढीच एक फवारणी, त्यात कीटकनाशक मिसळू नका. मात्र हे औषध नवा मोहोर थांबवते, म्हणून पालवीच्या फांद्यांवर जाऊ देऊ नका, नाहीतर तिकडचा फेब्रुवारीचा मोहोरही जाईल. पहिला मोहोर विरळ असेल तर फवारूच नका. कडक थंडीतल्या मोहोरात नरफुले जास्त असतात, झुपका भरगच्च दिसला तरी कणी धरेलच असे नाही. कणी मोजा, मग ठरवा.

कातळबाग (राजापूर): आणि फेब्रुवारीत ऊन चढले तर? गेल्या काही वर्षांत गळ तेव्हाच जास्त होते.

देवगडी: होणारच. दिवसाच्या कमाल तापमानात 2023 चा फेब्रुवारी देशात 1901 पासूनचा सर्वात उष्ण होता. फळ वाटाण्याएवढे झाले की कलमामागे 150-200 लिटर पाणी, 15 दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. पाणी खोडाशी नको, घेराच्या कडेच्या आळ्यात द्या. आळ्यावर वाळलेल्या गवताचे जाड आच्छादन घाला, तापलेल्या कातळाची धग फळाला लागून साका होतो (गर पांढरट, स्पंजासारखा होतो) तो त्याने कमी होतो. गळीसाठी 1 टक्का पोटॅशियम नायट्रेट वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढ्या फळावर. अंड्याएवढे झाले की 25 × 20 सेंमीच्या कागदी पिशव्या घाला. तोडणीच्या महिनाभर आधी पाणी बंद करा. लवकरच्या मोहोराची तोडणीही आधी येईल, म्हणून त्या फांद्यांना आत्ताच रंगाची खूण करून ठेवा.