शब्दचर्चा: 'लष्करात भरती झालेल्या तरुणींची संगीतिका'

कोशकिडा: हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीच्या १९५२ सालच्या 'स्कर्ट्स अहॉय!' या चित्रपटाची (एस्थर विल्यम्स, व्हिव्हियन ब्लेन, जोन एव्हन्स) मराठीत ओळख करून द्यायची आहे. 'लष्करात भरती झालेल्या तीन तरुणींची हलकीफुलकी संगीतिका' चालेल का? आणि 'वेव्ज'ला, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या महिला विभागाला, काय म्हणावं?

सुकाणू: आधी 'लष्कर' काढा. व्यवहारात लष्कर म्हणजे भूदल. लष्करप्रमुख वेगळे, नौदलप्रमुख वेगळे. या तिघी अमेरिकी नौदलात जातात. प्रशिक्षण होतं शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराकाठच्या ग्रेट लेक्स केंद्रात. 'आरमार'ही नको. त्या शब्दाने जहाजांचा ताफा डोळ्यांपुढे येतो, तोही आंग्र्यांचा. इथे सगळा मामला किनाऱ्यावरचा.

कोशकिडा: मग 'खलाशी तरुणी'?

सुकाणू: तो तर आणखी चुकेल. खलाशी मालवाहू जहाजावरचा, नाहीतर मच्छीमार बोटीवरचा. शिवाय १९४८च्या कायद्यानुसार रुग्णालय-जहाजं आणि वाहतुकीची जहाजं सोडली तर स्त्रियांची नौदलाच्या जहाजांवर नेमणूकच होत नव्हती. 'नौदलात दाखल झालेल्या' म्हणा आणि मोकळे व्हा.

अर्धविराम: 'वेव्ज' तसंच ठेवा. ती आद्याक्षरं आहेत: 'विमेन ॲक्सेप्टेड फॉर व्हॉलंटिअर इमर्जन्सी सर्व्हिस'. हा विभाग उभारणाऱ्या कायद्यावर सही झाली ३० जुलै १९४२ रोजी, पहिल्या संचालक मिल्ड्रेड मॅकॲफी. उलगडा मराठीत द्यायचा तर दोन खड्डे आहेत. 'इमर्जन्सी'ला आणीबाणी म्हणाल तर आपला वाचक थेट १९७५मध्ये पोचतो. 'युद्धकालीन निकड' बरं. 'व्हॉलंटिअर'ला स्वयंसेविका म्हणाल तर बिनपगारी काम वाटतं. या स्त्रियांना पगार होता, हुद्दा होता. सक्ती नव्हती एवढंच. म्हणून 'स्वेच्छेने'. १९४८मध्ये स्त्रियांना नियमित नौदलात कायम स्थान मिळालं, त्यामुळे १९५२च्या कथेत ही निकड उरलेली नाही, नाव मात्र तोंडात राहिलं. उलगडा एकदाच द्या, तोही १९४२च्या संदर्भात.

कोशकिडा: वेव्ज म्हणजे लाटा, आणि त्यांची 'भरती'. हा श्लेष मोफत मिळतोय!

अर्धविराम: मथळ्यात वापरा, मजकुरात नको. तिसऱ्यांदा वाचताना ओहोटी लागते.

पदवेडी: 'संगीतिका'वर माझा आक्षेप. आपल्याकडे हा शब्द ऑपेराला, किंवा नभोवाणीवरच्या गेय नाट्याला वापरतात. तिथे कथाच गाण्यांतून पुढे सरकते. इथे संवाद बोलले जातात आणि अधूनमधून गाणं-नृत्य येतं (संगीत हॅरी वॉरन, गीतं राल्फ ब्लेन). घडण बघितली तर आपलं संगीत नाटक जवळचं: गद्य संवाद, मध्ये पदं. पण ते रंगभूमीवरचं.

कोशकिडा: 'संगीतपट'?

पदवेडी: अर्थ बरोबर, पण फरक कळत नाही. आपल्या बहुतेक चित्रपटांत गाणी असतातच, मग वेगळं काय सांगितलं? 'हॉलिवूडचा म्युझिकल' लिहा, सरळ. एस्थर विल्यम्सच्या पोहण्याच्या प्रसंगांना 'जलनृत्य' म्हणा. 'जलक्रीडा' म्हटलं की पौराणिक पट सुरू होतो.

सुकाणू: नावाचं भाषांतर करू नका. 'अहॉय' ही जहाजावरून मारायची हाक, आणि 'स्कर्ट' हा तेव्हाच्या अमेरिकी बोलीत बाईसाठीचा काहीसा हलका शब्द. मराठीत स्कर्ट म्हणजे नुसता कपडा, त्यामुळे कोटी बुडते. कंसात एक ओळ खुलासा पुरे.

कोशकिडा: 'ड्रिल'ला संचलन?

सुकाणू: शिकताना रोज घोटतात ती कवायत. पाहुण्यांसमोर सलामी देत पुढे जातात ते संचलन. पहिल्या आठवड्यातल्या मुलींना संचलन करायला लावू नका. आणि कोणाला 'कॅप्टन' लिहाल तर दल सांगा: नौदलातला कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, भूदलातला कॅप्टन त्याच्या बराच खाली.

पदवेडी: 'अधिकारिणी' लिहू नका बरं का. 'महिला अधिकारी', किंवा नुसतंच 'अधिकारी'. क्रियापद लिंग सांगतंच.